मी हात्सुएची शेगडी, काचेच्या पेटीत न गेलेली

मी एक जुनी शेगडी आहे. जुनी म्हटले की तुमचे चेहरे लगेच हळवे होतात, हे मला ठाऊक आहे. मित्रांनो, तसे चेहरे करू नका. मी रडगाणे गायला बसलेली नाही. माझ्यावर काय काय गुदरले ते सांगणार आहे, पण कोणी च्‌ च्‌ केले तर तिथेच थांबेन.

माझा जन्म मुरोरानचा. जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर, समुद्रात घुसलेल्या टेकड्यांच्या कुशीत वसलेले हे पोलादाचे गाव. गावातल्या वानिशी भागात कारखान्याच्या कामगारांची वस्ती होती. तिथे इवाकिची नावाचा एक माणूस राहत असे. तो कारखान्यात जाड पत्रे कापायचा. बोलायला अगदी कमी. त्याची बायको हात्सुए मात्र दोघांच्या वाटणीचे बोलायची. एके दिवशी तिने जाहीर केले, की आपण कारखान्याच्या दारासमोर याकितोरीची गाडी लावणार. इवाकिची नुसता हुंकारला. मग त्याने मुकादमाला विचारून पोलादी पत्र्याचे उरलेले तुकडे घरी आणले आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून मला घडवले. लांबीला मी दोन हात आणि रुंदीला जेमतेम वीतभर. बांबूच्या काडीत ओवलेले मांस माझ्या दोन काठांवर आडवे टेकावे, खाली निखारे असावेत आणि काडीचे टोक मात्र जळू नये, असा माझा घाट.

हात्सुएने मला उचलून पाहिले. उचलले गेलेच नाही.

"अहो, एवढी जाड कशाला केलीत? भिंत बांधायचीय का?"

"पातळ केली असती तर तुझ्या बोलण्यानंच वितळली असती," इवाकिची म्हणाला.

लग्नानंतर तो एका दमात एवढे बोलल्याचे हात्सुएला आठवत नव्हते. ती त्या दिवशी चक्क गप्प बसली.

आता आमच्या गावाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळे भांडण तिच्यावरून झाले. याकितोरी म्हणजे भाजलेला पक्षी. जपानभर ती कोंबडीची करतात. आमच्याकडे ती डुकराच्या मांसाची करतात. दोन तुकड्यांच्या मध्ये कांद्याची पाकळी ओवायची, गोडसर सोयाच्या रसात बुडवून भाजायची आणि पिवळ्या मोहरीचा ठसका लावून खायची. पक्ष्याचे पीसही नाही, तरी नाव याकितोरीच. आमच्या बापजाद्यांनी हेच नाव दिले आणि आम्ही तेच चालवले. कोणाला हरकत?

हरकत प्रवाशांना असायची. गाडीचे दुकान झाले, दुकानात माझ्याभोवती लाकडी फळी आली, फळीला स्टुले लागली. बोटीने आलेले प्रवासी पाठीवरची पिशवी पायाशी ठेवून बसत, पहिला घास घेत आणि बावरून विचारत, "बाई, यात पक्षी कुठाय?"

"उडाला," हात्सुए पंखा हलवत म्हणायची. "डुक्कर जड असतं, ते राहिलं. मोहरी लावा."

सगळी फळी हसायची. प्रवासीही हसायचा आणि आणखी काड्या मागायचा.

पाळी सुटली की कामगार येत. त्यांच्या अंगाला पोलादाचा वास, माझ्या अंगाला पोलादाचा वास. आम्ही एकाच घरची माणसे. त्यांतला त्सुचिदा नावाचा क्रेनवाला तर रोजचा. तो माझ्या डाव्या टोकाशीच बसायचा, कारण तिथे आच जास्त. थंडीत त्याची बोटे आखडत. तो म्हणायचा, "वहिनी, या शेगडीवर कारखान्याच्या भट्टीपेक्षा माझा जास्त विश्वास आहे. भट्टी मालकाच्या मर्जीनं पेटते."

खोटे नव्हते. हळूहळू कारखान्याच्या भट्ट्या कमी झाल्या. माणसे दक्षिणेकडच्या गावांत बदलून गेली. वानिशीतल्या दुकानांची फळकुटे एकामागून एक कायमची खाली आली. एका हिवाळ्यात इवाकिचीही गेला. छातीत दुखते म्हणून दवाखान्यात नेले आणि परत आला तो पेटीतच. सगळे विधी आटोपले आणि हात्सुएने मला पेटवले. शेजारीण दारात येऊन हळूच म्हणाली, "हात्सुएबाई, इतक्यात?"

"मग काय करू? घरात बसून त्याच्या फोटोशी बोलू? जिवंत असताना कधी उत्तर दिलं नाही त्यानं, आता देणार होय?"

असे म्हणाली आणि धुराकडे तोंड करून उभी राहिली. धुरात उभे राहिले की डोळ्यांतून पाणी का येते, हे कोणी विचारत नाही. एवढा एक फायदा आमच्या धंद्यात आहे.

त्यानंतरची कितीतरी वर्षे ती एकटीने दुकान चालवत होती. शेवटी तिचा उजवा खांदा कामातून गेला. काड्या उलटायच्या, पंखा मारायचा, सगळे त्याच खांद्यावर. शस्त्रक्रिया ठरली. मुलगी मिसुझू साप्पोरो शहरात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात होती. ती नोकरी सोडून घरी आली. मित्रांनो, मिसुझू वाईट होती असे मी म्हणणार नाही. ती थकलेल्या आईकडे पाहून घाबरली होती. घाबरलेली माणसे लवकर निर्णय घेतात.

त्याच सुमारास आमच्या रस्त्यावरच्या दुकानदार संघाने एक योजना काढली. संघाचे अध्यक्ष कुमागाई. त्यांचे चपलांचे दुकान होते आणि त्यांच्या स्वतःच्या चपला कधी मळलेल्या दिसत नसत. गोदीत मोठमोठी प्रवासी जहाजे लागू लागली होती. तेव्हा रस्ता स्वच्छ, बिनधुराचा आणि प्रवाशांना समजेल असा करायचा, हे त्यांच्या मनाने घेतले. हात्सुए दवाखान्यात असताना ते दुकानात आले.

"मिसुझू, विजेची शेगडी घे. धूर नाही, राख नाही, पंखा नको. आणि ती पाटी बदल बाई. 'याकितोरी' वाचून लोक कोंबडी मागतात आणि चिडतात. 'डुकराच्या मांसाच्या काड्या' असं लिही. सरळ, सोपं."

मिसुझूने दोन्ही केले. चकचकीत विजेची शेगडी माझ्या जागी बसली. तिने दोन हमालांकडून मला उचलवून मागच्या अंगणात, पागोळीखाली नेऊन ठेवले.

तिथे माझे हाल झाले ते झाले. पहिल्या बर्फाने तळाला गंज धरला. समुद्राचा खारा वारा तो वाढवत गेला. एक बोका माझ्यात येऊन झोपायचा. त्याला मी काही म्हटले नाही, उबेच्या आशेने येणारा कोणीही माझा पाहुणाच. पण वसंतात मिसुझूने माझ्यात फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या, तेव्हा मात्र माझा तिळपापड झाला. मी पोलाद आहे. मी आग पोटात घेऊन उभी राहिले आहे. आणि माझ्यात पँझीची फुले? गंजले असेन, पण वाकले नव्हते. माझे चारही पाय जिथे ठेवले तिथेच रोवून उभे होते.

हात्सुए दवाखान्यातून आली ती या कुंड्यांच्या बरीच आधी, पहिला बर्फ पडायच्या सुमारास. हात गळ्यात बांधलेला. दुकानात शिरली आणि थबकली.

"हे काय बसवलंयस? इस्त्री?"

"आई, तुला आता पंखा झेपणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"आणि बाहेर ते काय लिहिलंय?"

"प्रवाशांना कळायला नको का आपण काय विकतो ते?"

"नको कळू दे. कळलं नाही की विचारतात. विचारलं की बोलणं होतं. बोलणं झालं की माणूस आणखी थोडा बसतो. पाटी वाचून ज्याला सगळं कळलं, तो आत कशाला येईल?"

"आई, तुझं सगळं असंच. जग बदललं तरी तू आपली तिथंच."

"मी तिथंच आहे म्हणून तुला परत यायला जागा राहिली," हात्सुए म्हणाली.

मिसुझू भांडी घासायला आत वळली. बाप आठवावा अशी गप्प झाली. त्या दिवसापासून मायलेकी एका छपराखाली राहून परक्यासारख्या वागू लागल्या. हात्सुए दुपारी मागच्या अंगणात येऊन खोक्यावर बसायची. ती माझ्याशी बोलायची, असे तुम्हाला वाटेल. नाही बोलायची. शेगडीशी बोलायला ती काही खुळी नव्हती. पण एक दिवस तिने डाव्या हाताने माझ्यातल्या कुंड्या उचलल्या आणि एकेक करून भिंतीशी ठेवल्या. मला तेवढे पुरले.

मग एका रात्री भूकंप आला. आमच्या गावात भिंतीवरची घड्याळे पडली, बश्या फुटल्या, कोणी दगावले नाही. पण अख्ख्या बेटाची वीज गेली. सकाळ उजाडली ती मुकी. रस्त्यावरचे दिवे बंद, दुकानांचे सरकते दरवाजे अर्धवट उघडे, आगगाड्या जागच्या जागी. हॉटेलांनी प्रवाशांना थंड चहा दिला आणि माफी मागितली. दुपारपर्यंत किराणा दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. सुटकेसा घेतलेली माणसे आमच्या रस्त्याच्या कडेला बसून राहिली होती. एक बाई मोठ्याने आपल्या नवऱ्याला विचारत होती, "आता काय, ही सुटकेस खायची?"

दुकानातली विजेची शेगडी गार पडली होती. थंड पेटीतले मांस मऊ होऊ लागले होते. मिसुझू डोक्याला हात लावून बसली होती.

"मागची शेगडी काढ," हात्सुए म्हणाली.

"आई, ती गंजलीय."

"मीही गंजलेय. मला टाकलंस का?"

मिसुझू उठली. तिने तारेच्या ब्रशने मला घासले. घासताना तिच्या मनगटात तिच्या बापाचा जोर आहे, हे मला पहिल्यांदा कळले. गंजाच्या खपल्या उडाल्या, माझा तळ जागोजागी पातळ झालेला दिसला. ती क्षणभर थांबली, मग घासत राहिली. शेजारच्या त्सुचिदाला तिने हाक मारली. तो आता काठी टेकत चालायचा, पण आला. तिघांनी मला ढकलत, खरडत रस्त्यावर आणले. भिंतीपासून लांब, मोकळ्यावर. दोन्ही बाजूंना पाण्याच्या बादल्या, वाळूचे डबे. माळ्यावर कोळशाचे पोते शिल्लक होते. पहिला निखारा माझ्या पोटात पडला आणि मी कितीतरी दिवसांनी तापले. तापताना मी कुरकुरले. आनंदाने नव्हे, दुखत होते म्हणून.

धूर उठला तशी माणसे उठली. वास जातो तिथे बोलावणे लागत नाही. ज्या बाईला सुटकेस खायची होती ती सर्वांत पुढे. तिचे नाव तोमिए. ती दक्षिणेकडच्या इमाबारी गावाहून आली होती.

"काय आहे हे?"

"याकितोरी," हात्सुए म्हणाली.

तोमिएने खाल्ले. थांबली. "हे डुक्कर आहे."

"आहे."

"मग याकितोरी कशी? आमच्या गावाला याकितोरी कोंबडीची असते, आणि लोखंडी तव्यावर वजन ठेवून दाबून भाजतात."

"काडीला लावून?"

"छे! काडी कशाला?"

हात्सुएने पंखा थांबवला. "काडी नाही? मग त्याला याकितोरी म्हणता कोणत्या तोंडानं?"

"ज्या तोंडानं खातो त्याच!"

रांगेतून एक सडपातळ गृहस्थ घसा खाकरून पुढे झाले. टोकियोचे होते, काताओका नावाचे. "माफ करा, पण खरं सांगायचं तर याकितोरी म्हणजे कोंबडी, काडी आणि मीठ. बाकी सगळं..."

"तुम्ही रांगेत थांबा!" दोघी एकदम म्हणाल्या. अन्नाची वाट बघत भेदरलेला तो सगळा रस्ता सकाळपासून पहिल्यांदा हसला. काताओकाही हसले. मग त्यांनी कोट काढून बाही वर केली आणि त्सुचिदाच्या शेजारी बसून कांद्याच्या पाकळ्या सोडवू लागले. डोळे पुसत पुसत ते म्हणाले, "आमच्याकडे कांदा नसतो, त्याचं कारण आता कळलं."

तेवढ्यात अध्यक्ष कुमागाई धावत आले. केस विस्कटलेले, चपला धुळीने माखलेल्या. सकाळपासून ते दारोदार फिरून म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करत होते.

"हात्सुएबाई, हे काय चाललंय? अजून जमीन हलतेय आणि तुम्ही रस्त्यात आग पेटवलीत? विझवा आधी!"

"अध्यक्ष, माणसं उपाशी आहेत."

"माणसं जळाली तर?"

त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. आणि मित्रांनो, त्याच वेळी माझ्या शरीराने दगा दिला. डाव्या कोपऱ्यातला इवाकिचीने घातलेला सांधा गंजाने पोखरला होता. आचेने तो उसवला आणि तिथला पाय कलंडला. तळाची पट्टी लोंबली आणि लालभडक निखारे धडाधड रस्त्यावर पडले. पोरे किंचाळली. रांग मागे सरकली.

"बघा! बघा म्हणत होतो की नाही!" कुमागाईंनी बादली उचलली आणि ती माझ्यावर ओतायला धावले.

तुम्हाला कल्पना नसेल, पण लाल तापलेल्या जुन्या पोलादावर गार पाणी पडले तर ते तडकते, वेडेवाकडे होते. पुन्हा काठ सरळ होत नाहीत. माझा शेवट बादलीभर पाण्याच्या अंतरावर होता. मला पळता येत नाही. मी फक्त उभी राहू शकते, आणि तेव्हा तीन पायांवरच उभी होते.

मिसुझू मध्ये आली. हात पसरून, माझ्याकडे पाठ करून. माझी आच तिच्या पाठीला लागत होती, तरी ती हलली नाही.

"अध्यक्ष, बादली खाली ठेवा."

"बाजूला हो, मिसुझू!"

"पाणी रस्त्यावरच्या निखाऱ्यांवर ओता. शेगडीवर नाही. शेगडीवर ओतायचं असेल तर आधी माझ्यावर ओता."

"अगं, तूच तर ती मागं फेकली होतीस!"

"हो. मीच फेकली होती. मीच आणली. आता मीच सांभाळणार."

कुमागाईंनी बादली वळवली. मग त्यांनी पाणी रस्त्यावर ओतले. चर्र आवाज झाला, वाफ उठली. मिसुझूने चिमट्याने उरलेले निखारे माझ्या उजव्या अंगाला ओढले, उसवलेल्या कोपऱ्याखाली विटा लावल्या. एवढ्यात अग्निशमन ठाण्याचा माणूस आला. त्याने विटा लाथेने हलवून पाहिल्या, वाळू पाहिली, आणखी थोडी मोकळी जागा ठेवायला सांगितले आणि पुढच्या गल्लीत निघून गेला. त्याला तिथे खरोखरीची कामे होती.

हात्सुएने कुमागाईंच्या हातात एक काडी दिली.

"खा आणि मग ओरडा. उपाशीपोटी आवाज चिरका लागतो तुमचा."

ते खरेच सकाळपासून जेवले नव्हते. उभ्या उभ्या त्यांनी ती काडी संपवली आणि रांग सरळ करायला लागले.

अर्ध्या पोटानिशी मी तो दिवस काढला. मिसुझू भाजत होती, हात्सुए डाव्या हाताने पंखा मारत होती. "उलट!" "कळतंय मला." "कळतंय तर उलट ना!" एवढेच दोघींचे बोलणे. पण कित्येक महिन्यांत मायलेकी एवढ्याही बोलल्या नव्हत्या.

वीज परत आली. प्रवासी गेले. तोमिए जाताना म्हणाली, "चव चांगली होती, पण ती याकितोरी नव्हती," आणि हात्सुएने तिला हसत हसत दारापर्यंत पोचवले. त्यानंतर गावच्या संग्रहालयातले एक सज्जन गृहस्थ आले. ही शेगडी त्यांना हवी होती. काचेच्या पेटीत, वर दिवा, शेजारी माहितीचा फलक. कुमागाईंना ही कल्पना फारच आवडली. मान झाला आणि रस्त्यावरचा धूरही गेला.

हात्सुए मुलीकडे वळली. "मला विचारू नका. माझा खांदा आता बरा व्हायचा नाही. दुकान हिचं आहे."

मिसुझूने माझ्या उसवलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले. मला भीती वाटली नाही असे मी म्हणणार नाही. काचेतली आग नसलेली ती जागा मला डोळ्यांपुढे दिसत होती.

"तुम्ही ती पेटवणार का?" मिसुझूने विचारले.

गृहस्थ दचकले. "छे, छे! अगदी जपून ठेवू. कोणी हातसुद्धा लावणार नाही."

"मग तुम्हाला शेगडी नकोय. तुम्हाला पत्रा हवाय. पत्रा कारखान्यात पुष्कळ मिळेल."

त्सुचिदाने आपल्या जुन्या सोबत्यांना गोळा केले. थरथरत्या हातांच्या त्या म्हाताऱ्यांनी माझा तळ कापून काढला आणि नवा जाड पत्रा जोडला. जोड ओबडधोबड आहे. मला तो लपवावासा वाटत नाही. मिसुझूने शेजाऱ्यांच्या खिडक्यांचा विचार करून उंच धुराडे बसवले. मला ते अजून आवडत नाही, माझा धूर माझ्यापासून इतका लांब नेलेला मला खपत नाही, पण ती दुकानाची मालकीण आहे. विजेची शेगडी तिने शेवयांच्या दुकानवाल्याला देऊन टाकली. दारावरची पाटीही तिने स्वतः खरवडली आणि तिथे जुनेच नाव मोठ्या अक्षरांत रंगवले.

हात्सुए आता फळीच्या पलीकडच्या बाजूला, स्टुलावर, प्रवाशांच्या मध्ये बसते. कोणी नवखा आला की त्याच्या ताटलीत आधी मोहरी वाढते आणि मगच नाव-गाव विचारते.

मित्रांनो, माझी गोष्ट संपली. तुम्ही कधी प्रवासाला जाल, परक्या गावात एखाद्या कोंदट, धुरकट दुकानात शिराल आणि माझ्यासारखी एखादी काळीकुट्ट शेगडी बघाल. तेव्हा तिची कीव करू नका. तिचा फोटो काढून निघूनही जाऊ नका. बसा. चटका बसेल इतके गरम खा. आणि तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला पुसून, गुंडाळून, उंच फळीवर ठेवली म्हणजे तिला जपले, असे कृपा करून समजू नका. तिला वापरा. झिजेल, उसवेल, मोडेलसुद्धा. मोडली तर दुरुस्त करा. आम्हाला जपायचे असेल तर आम्हाला पेटवा!